वाक्यपूर्ती

बालवाडीत यंत्र आलं तेव्हा त्याचं सरकारी नाव 'भाषासंवर्धन उपकरण, श्रेणी दोन' असं होतं. मुलांना ते म्हणता येणार नाही, हे लक्षात आल्यावर मुंबईत एक समिती बसली आणि तिने पुष्कळ विचारांती त्याचं नाव 'मिठू' ठेवलं. लहान मुलांना बोलायला शिकवणाऱ्या यंत्राला पोपटाचं नाव द्यावं, यात समितीतल्या एकाही सदस्याला काही खटकलं नाही. सगळेच उच्चशिक्षित होते.

मुठीएवढा हिरवा प्लास्टिकचा पोपट मुलाच्या गळ्यात. त्यातून निघालेली बारीक वायर कानामागच्या चकतीला, आणि तिथून एक रबरी बोंड उजव्या कानात. चकती मुलाच्या मेंदूतल्या लहरी टिपायची आणि बोंडातून मिठू हळू आवाजात बोलायचा. हा आवाज होता इचलकरंजीच्या उज्ज्वला तारदाळकर यांचा.

उज्ज्वलाबाई यंत्रमागांच्या वस्तीतली बालवाडी तीसएक वर्षं चालवत होत्या. त्यांची एकुलती मुलगी केतकी पुण्याला, मिठू तयार करणाऱ्या संस्थेत संशोधक होती. आवाजाच्या चाचण्या चालू होत्या तेव्हा आधी नाटकातल्या बायका बोलावल्या, मग बातम्या देणाऱ्या. मुलं जांभया देत होती. शेवटी केतकीनं आपल्या आईच्या वर्गाचं जुनं ध्वनिमुद्रण लावलं आणि जांभया थांबल्या. पुढे उज्ज्वलाबाईंना शाल मिळाली, नारळ मिळाला आणि एस.टी. स्टँडवर त्यांचा फोटो लागला. फोटोखाली 'राज्याची आई' असं लिहिलं होतं. त्यावर त्यांच्या यजमानांनी, मग मी कोण, एवढाच प्रश्न विचारला.

मिठूचं शास्त्र केतकीनं आईला स्वयंपाकघरात बसून समजावलं होतं.

"आई, पूर्वी आपल्या गल्लीत रात्रभर माग चालायचे. वीज गेली की सगळी गल्ली जागी व्हायची, आठवतं?"

"आठवतं की. तुझे आजोबा आधी उठून बसायचे."

"खडखडाटात झोप लागायची आणि शांततेत जाग यायची. कारण मेंदू नुसता ऐकत नाही. पुढचा खटका तो आधीच धरून बसलेला असतो. तो आला नाही की दचकतो. भाषेचंही तसंच आहे. तू 'पाऊस' म्हटलंस की मुलाच्या डोक्यात 'पडतो' तयार असतं. अंदाज बरोबर आला की मेंदूत बारीकशी लहर उठते. मुलाला ते गोड लागतं. आणि गोड लागलेलं पक्कं बसतं."

मिठू ही लहर उठायच्या आतच पकडायचा. मुलाच्या डोक्यात पुढचा शब्द ज्या क्षणी तयार होई, त्या क्षणी तो बोलता बोलता थांबायचा आणि मूल तो शब्द आपणच म्हणून टाकायचं. चांगल्या बाईला वर्गातल्या एखाद्या मुलाच्या बाबतीत हे कधीमधी साधतं. मिठूला प्रत्येक मुलाच्या बाबतीत दिवसभर साधत होतं.

हे थांबणं त्याला कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. ते आवाजाबरोबर आलं होतं. बालवाडीच्या बाईला वाक्य पुरं करायची सवय नसते, हे महाराष्ट्रात कुणालाही सांगायला नको. 'हा आहे हत्...?' बाई सूर वर नेऊन थांबतात. 'ती!' वर्ग ओरडतो. 'आपण जेवायच्या आधी हात धु...?' 'तो!' बाईंच्या बाईंनीही असंच शिकवलेलं असतं. उज्ज्वलाबाईंचा यात हातखंडा होता. भाजीवालीशी बोलतानाही त्या अर्धं वाक्य तिच्यासाठी ठेवत. यंत्राला मात्र ही सवय आहे हे ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच दिसलं, की इथं थांबलं की लहर उंच जाते. म्हणून ते थांबायला शिकलं. मग थोडं आधी थांबायला. मग आणखी थोडं आधी.

दोन वर्षांत निकाल आले आणि ते थक्क करणारे होते. 'वाक्यपूर्ती निर्देशांक' नावाची नवी परीक्षा निघाली होती. तिच्यात मागांच्या वस्तीतली चार वर्षांची मुलं पुण्याच्या मुलांच्या पुढे गेली. ज्या घरांत लुमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, आवाजात आईबापांना एकमेकांशीही ओरडून बोलावं लागे, तिथली मुलं 'त्यामुळे', 'तरीसुद्धा' असे शब्द बिनचूक वापरत होती. शिवाय वर्ग कमालीचे शांत झाले. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी शेऱ्यात 'उत्तम शिस्त' असं लिहिलं.

*

"बाई, पोरीच्या उशीला पू लागलाय बघा."

दीपाली मुसळे सकाळीच दारात उभी होती, कडेवर शर्वी. दीपाली गारमेंटमध्ये शिलाईला जायची, तिचा नवरा लुमवर. शर्वी चार वर्षांची, वर्गातली सगळ्यात हुशार. निर्देशांकात तालुक्यात दुसरी.

"कधीपास्नं?"

"काल बगितलं म्या. वास बी येतोय. आन् ही रडत न्हाई, बोलत न्हाई. इचारलं तर नुसती तोंडाकडं बगत बसती."

"घरी बोलत नाही ती?"

"आपनहून न्हाई कवा. आमाला वाटलं, शिकली म्हनून गप्प आसती. शिकल्याली मानसं गप्पच आसत्यात की."

उज्ज्वलाबाईंनी मदतनीस बाईंवर वर्ग सोपवला आणि त्या दोघींना घेऊन डॉक्टर बिरनाळ्यांकडे गेल्या.

कानाचे डॉक्टर बिरनाळे साठीचे, मिस्कील गृहस्थ होते. त्यांनी शर्वीला खुर्चीवर बसवलं.

"काय मुली, कुठं दुखतंय?"

शर्वी त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. तोंड किंचित उघडं. नजरेत भीती नव्हती, लाज नव्हती. रांगेत नंबर यायचा असावा, तसं ती थांबली होती.

"लाजतीय," दीपाली म्हणाली.

उज्ज्वलाबाईंनी सवयीनं सूर लावला. "शर्वी, माझा कान दु...?"

"...खतो," शर्वी लगेच म्हणाली.

"हां, आलं लक्षात," डॉक्टर म्हणाले आणि दिवा पुढे ओढला. मग खात्री करावी म्हणून त्यांनी बाईंच्याच चालीवर विचारलं, "आणि पोट दु...?"

"...खतं."

"गुडघा दु...?"

"...खतो."

डॉक्टरांनी दिवा बाजूला केला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "ही खुर्ची दु...?"

"...खते."

"व्याकरण फर्मास आहे," डॉक्टर म्हणाले. पण त्यांच्या चेहऱ्यावरचा मिस्कीलपणा गेला होता.

कानात चवळीचा दाणा निघाला. वर्गात 'म'च्या वळणावर चवळी चिकटवायचा खेळ असे, त्यातलाच असणार. शर्वीनं तो कानात घातला, वरून रोज मिठूचं बोंड बसत गेलं, दाणा आत सरकत गेला, न्हाणीच्या पाण्यानं फुगला आणि सडला. पडद्याला भोक पडलं होतं.

"एवढं दुखणं मोठा माणूस अर्धा दिवस सहन करणार नाही," डॉक्टर हात धूत म्हणाले. "ही आठवडाभर वर्गात बसली होती?"

"बसली होती," उज्ज्वलाबाई म्हणाल्या.

"आणि काही बोलली नाही?"

"कुणी सुरुवात करून दिली नाही."

हे वाक्य तोंडून गेल्यावर त्यांना ते ऐकू आलं.

*

केतकी रविवारी आली. आईनं फोनवर सांगितलेलं तिनं ऐकून घेतलं होतं, पण विश्वास ठेवला नव्हता. आता ती लॅपटॉपसमोर बसली होती. पडद्यावर एक रेघ डावीकडून उजवीकडे उतरत होती.

"ही काय?"

"मिठू वाक्य किती बोलून थांबतो ते. सुरुवातीला शेवटचं अक्षर सोडायचा. सहा महिन्यांनी शेवटचा शब्द. आता नुसता पहिला शब्द बोलतो. 'मला' म्हणतो, आणि पुढचं सगळं मूल म्हणतं. आम्ही याच्यावर पेपर लिहिला, आई. मूल ऐंशी टक्के वाक्य स्वतः तयार करतं, असा."

"आणि तो 'मला' कोण म्हणतं?"

केतकीनं पडद्यावरची रेघ पुन्हा सुरुवातीपासून पाहिली.

"तुमच्या परीक्षेत, मूल आपणहून कधी बोललं का, हे कुठं बघतात?"

"नाही बघत."

"का?"

"मोजणार कसं? पूर्ती मोजता येते, कारण आपण अर्धं देतो. सुरुवात केव्हा होईल ते आधी कुणालाच ठाऊक नसतं. जे ठाऊक नाही त्याचा रकाना कसा करायचा?" ती स्वतःवरच चिडल्यासारखी बोलत होती. "शिवाय वर्गात तुम्ही बोलता, घरी आईबाप बोलतात, मिठू तर बोलतोच. सगळे मोठे लोक आधी बोलतात. म्हणून कुणाला काही दिसलं नाही."

"मग बंद करा ते."

"चाळीस हजार बालवाड्या आहेत, आई. आज काढला तर उद्या मुलं मुकी होतील. लोक म्हणतील, मिठू काढला म्हणून मुकी झाली. आणि ते खोटंही नसेल."

"माझा आवाज आहे तो. मी नको म्हणते."

"आवाज आता तुझा राहिलेला नाही. करारावर सही केलीस तेव्हा मीच पेन दिलं होतं."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करायचा खटाटोप करत होतं.

"तू लहानपणी अशी नव्हतीस," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "भडाभडा बोलायचीस."

"मी तुझ्याच वर्गात होते, आई." केतकी हसली, पण ते हसू टिकलं नाही. "दहावीचा निकाल लागला त्या दिवशी तू पेढा भरवलास आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, 'आता केतकी सायन्स घे...?' मी म्हटलं, 'णार'. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला तेव्हा काय हवं होतं, ते मला अजून आठवत नाही. म्हणजे, काही होतं की नव्हतं, हेच आठवत नाही."

उज्ज्वलाबाईंनी तिच्या पुढ्यातला कप उचलला. चहा तसाच होता. त्या विचारणार होत्या, 'गरम करून दे...?' त्यांनी कप पुन्हा खाली ठेवला.

*

सोमवारी त्यांनी वर्गातले सगळे मिठू गोळा केले आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं.

त्यांनी बोलणं बंद केलं असं नाही. गोष्ट सांगायच्या ती अगदी शेवटापर्यंत सांगायच्या. 'हा हत्ती आहे' असं सरळ म्हणून टाकायच्या. फक्त अर्धं काही सोडायचं नाही, आणि मुलाच्या आधी बोलायचं नाही. ऐकायला सोपं आहे. तीस वर्षांची जीभ ऐकेना. सूर आपोआप वर जाई, मग त्यांनी दाढेखाली लवंग धरायला सुरुवात केली. सूर चढला की लवंग चावायची.

मुलं त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. तोंडं अर्धी उघडी. बाई गप्प, मुलं गप्प, आणि भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता. एका मुलाची चड्डी ओली झाली, कारण 'बाई, मला शू' यातला 'बाई' कुणी म्हटला नव्हता. उज्ज्वलाबाईंनी त्याला धुतलं, कोरडी चड्डी घातली. त्याला विचारायला हवं होतं, हे त्यांनाही कळत होतं. न विचारणं योग्य आहे, याची त्यांना खात्री नव्हती. घरी जाऊन त्या जेवल्या नाहीत.

दोन आठवड्यांत मुलांच्या आया संतापल्या. "बाई पगार घेत्यात आन् गप्प बसत्यात," असं नळावर बोललं जाऊ लागलं. पर्यवेक्षिका सरोज मगदूम यांच्या कानावर ते गेलं. मगदूम मॅडम वाईट नव्हत्या. त्यांच्याकडे साठ बालवाड्या होत्या आणि वरून रोज विचारणा व्हायची.

"अहो बाई, पोस्टरवर तुम्ही, आवाज तुमचा, आणि कुलूप लावणार तुम्हीच? वर काय सांगू मी?"

"मुलं बोलत नाहीत म्हणून सांगा."

"निर्देशांक ब्याण्णव आहे तुमचा! आणि बोलत नाहीत?"

"तेच सांगा."

"शनिवारी मी चाचणी घ्यायला येते. तोवर मिठू बाहेर काढा. नाहीतर बाई बदलावी लागेल. मला वाईट वाटेल, पण करावं लागेल."

केतकीनं तिकडे परीक्षेत एक नवा रकाना मागितला. संस्थेनं तिच्या सूचनेचं कौतुक केलं आणि तिची बदली ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या मिठूवर केली. म्हाताऱ्यांना शब्द आठवत नाहीत. तिथे हे यंत्र फारच उपयोगी पडेल, असं वरिष्ठांचं मत होतं.

गुरुवारी वर्गात पहिलं वाक्य उगवलं. अयान मोमीन नावाचा शांत मुलगा अचानक उठला, दुसऱ्या मुलाच्या हातातला चेंडू ओढला आणि ओरडला, "त्यो माजा हाय!" चेंडू त्याचा नव्हता. मारामारी झाली, दोघं रडली, आणि मग इतर दोघांनी अयान खोटारडा आहे असं जाहीर केलं. उज्ज्वलाबाई पाठ फिरवून खिडकीत उभ्या राहिल्या. मदतनीस बाईंना वाटलं, त्यांना चक्कर आली.

पण शर्वी बोलली नव्हती. ती कानात कापूस घालून कोपऱ्यात बसायची. डॉक्टर म्हणाले होते, उजव्या कानाला थोडं कमी ऐकू येईल, पुढं बघू. जी मुलं मिठूत मागे होती ती लवकर बोलू लागली. शर्वी पहिली होती, म्हणून शेवटी राहिली. आणि दीपालीनं ठरवलं होतं: पोरीला शेजारच्या शहापूरच्या बालवाडीत टाकायचं, तिथं मिठू चालू आहे. शर्वी तिकडे गेली तर काय होईल, हे उज्ज्वलाबाईंना दिसत होतं. ती आणखी हुशार होईल. शाळेत पहिली येईल, सगळ्या प्रश्नांची अर्धी उत्तरं समोरच्याच्या तोंडून ओढून घेईल, आणि जन्मभर कुणीतरी आधी बोलावं म्हणून थांबून राहील.

*

शनिवारी मगदूम मॅडम टॅबलेट घेऊन आल्या. कपाटाचं कुलूप त्यांनी पाहिलं, सुस्कारा टाकला आणि खुर्चीवर बसल्या. पाठोपाठ दीपाली आली. तिच्या हातात शर्वीची पिशवी होती.

"बाई, राग मानू नका. तुमी पोरीला दवाखान्यात नेलंसा, उपकार हायत. पर ती हितं मुकी झाली. आता तिकडं नेती."

"तुला अडवणार नाही," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "दहा मिनिटं बसशील?"

"बसून काय हुतंय?"

"मला ठाऊक नाही."

दीपाली दाराशीच टेकली. शर्वी मधोमध उभी होती. तिनं आईच्या तोंडाकडे पाहिलं, मग मॅडमच्या, मग बाईंच्या. कुणीच काही म्हणत नव्हतं. बाकीची मुलंही कशी कोण जाणे गप्प झाली. शेजारच्या शेडमधले लुम तेवढे चालू होते.

मगदूम मॅडमना राहवलं नाही. "शर्वी बाळा, तुला इथं आव..."

उज्ज्वलाबाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "मॅडम, पुरं वाक्य बोला. नाहीतर काही बोलू नका."

मॅडमनी तोंड मिटलं. त्यांना ते जड गेलं, हे दिसत होतं.

शर्वी बाईंकडे बघत होती. तिचे ओठ पुढे आले, मागे गेले. बाईंच्या तोंडात लवंगेचा चुरा झाला होता. शर्वीच्या आत काय चाललंय ते त्यांना तीस वर्षांच्या सरावानं स्पष्ट कळत होतं. एक अक्षर दिलं असतं तर पोर सुटली असती. त्यांनी दिलं नाही.

"बाई," शर्वी म्हणाली.

आवाज खरखरीत होता. मिठूसारखा नव्हता, बाईंसारखाही नव्हता. दीपालीच्या आवाजाच्या जवळचा होता.

"बाई, तुमी मला आवडत न्हाई. तुमी माजा मिठू कपाटात कोंडलाय."

दीपाली उठूनच उभी राहिली. आनंद व्हायच्या आधी तिला लाज वाटली. आईला आधी तीच वाटते. "शर्वे! बाईंना आसं बोलत्यात व्हय? माफी माग आदी. म्हन, बाई, माजं चुक...?"

सूर वर गेला आणि थांबला. खोलीतलं प्रत्येक मूल त्याच्याकडे ओढलं गेलं. दोन-तीन तोंडं उघडलीसुद्धा. शर्वीच्या जिभेवर ते अक्षर आलेलं सगळ्यांना दिसलं. इतके दिवस रोज गोड लागलेलं.

तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. दीपालीचं अर्धं वाक्य तसंच हवेत राहिलं, आणि थोड्या वेळानं ते तिचं तिलाच गिळावं लागलं. तिच्या हातातली पिशवी हळूच जमिनीला टेकली.

उज्ज्वलाबाई खाली बसल्या, शर्वीच्या डाव्या, चांगल्या कानाच्या बाजूला. "हो. मी कोंडलाय," त्या म्हणाल्या. "आणि मी तो तुला देणार नाही."

शर्वीनं त्यांच्याकडे रागानं पाहिलं.

"का?"

इतका अवघड प्रश्न उज्ज्वलाबाईंना त्या वर्गात कुणी कधी विचारला नव्हता. साहेबांनीही नाही. मगदूम मॅडम टॅबलेट विसरून ऐकत होत्या. बाईंनी तोंड उघडलं, आणि वाक्य कुठं जाऊन संपणार हे ठाऊक नसताना बोलायला सुरुवात केली.